किती वाजता चावला?

सुरत
२२ नोव्हेंबर १९९८

दादा,

पाया पडतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, तरी लिहून राहिलो.

लूमचं काम सोडलं. दिवसभर कानात खटाखट, जेवताना खटाखट, झोपलं तरी खटाखट. आता साड्या रंगवायच्या कारखान्यात लागलो. हात कोपरापर्यंत हिरवे झालेत. तुम्ही म्हणाल, ह्या प्रभ्याचं बूड कुठंच टेकत नाही. सातवीतून उठलो तेव्हापासून टेकलं नाही, आता काय टेकणार.

परवा खोलीत विंचू निघाला. माझ्यासंगं ओरिसाचे दोघं राहतात, ते खाटेवर चढून बसले. मी चपलेनं मारला आणि मग बढाई सुरू केली. म्हटलं, माझे वडील, आमचे दादा, मेंढरं राखतात आणि मंत्रानं विंचू उतरवतात. साखऱ्याच्या आजूबाजूच्या बारा वाड्यांतून, तांड्यांतून लोक येतात. दादा जेवत असले तर हातातला घास ताटात ठेवून उठतात. कोणाचा चहासुद्धा घेत नाहीत, घेतला तर मंत्राची धार जाते. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक माणूस गेला नाही. त्यातला एक म्हणाला, "और तुमको आता है?" मी मेलेला विंचू उचलून बाहेर टाकायला गेलो.

दादा, कॅलेंडरात बघितलं, पुढच्या ऑगस्टात ११ तारखेला मोठं सूर्यग्रहण आहे. मंत्र ग्रहणातच नदीत उभं राहून देतात ना? मला द्या. दुसरं काही मागत नाही.

इथं कधी कधी लोकरीचा वास आल्यासारखं वाटतं. मग आई दिसते. मेंढरांच्या वाड्यात नवं कोकरू झालं की ती ते लुगड्याच्या ओच्यात घालून चुलीपाशी बसायची आणि त्याच्याशी गप्पा मारायची, जसं काही ते पाहुणं आलंय. तुम्ही सांगितलं होतं, विंचू चावला आणि जाग्यावरच गेली. मी तेव्हा मेंढरं घेऊन पैनगंगेकडे होतो, निरोप मिळून येईस्तोवर माती देऊन झाली होती. घटकाभर वेळ मिळाला असता तर दादांनी तिला जाऊ दिलं नसतं, हे मी त्या ओरिसावाल्यांनाही सांगितलं.

तुमचा
प्रभू


मु. साखरा शिवार, ता. सेनगाव, जि. परभणी
२० डिसेंबर १९९८

प्रभूस मसाजीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. हिरव्या हातानं जेवू नको, रंग पोटात जातो. मेंढरं बरी हायत. बांडी मेंढी दोन जावळी कोकरं व्याली. धुरपताबाई तुझी आत्या सांजसकाळ भाकर थापून देती आणि थापता थापता तुझं लगीन काढती. तिला म्हटलं, आधी त्याचा पत्ता तरी एक राहू दे.

हिकडं एक नवं झालं. सेनगावच्या रस्त्याला शिवप्रसाद नावाच्या डॉक्टरनं दवाखाना टाकलाय. तरणा हाय, चष्मेवाला. मागल्या महिन्यात मोटरसायकल घेऊन थेट वाड्यावर आला. कुत्र्यांनी घेरलं तर बिचारा टाकीवर पाय घेऊन बसला. मला म्हणला, "मसाजीबाबा, विंचवाची सगळी माणसं आधी तुमच्याकडं येतात म्हणे."

मी म्हटलं, "येतात. मग तुमची काही तकलीफ?"

"तकलीफ नाही, काम आहे. लाल विंचू चावला की माणूस नुसत्या विषानं नाही, त्या विषाचा काळजावर ताण येऊन जातो. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, धाप लागते. रक्तदाबाची एक साधी गोळी आहे, ती तीनतीन तासांनी दिली तर माणूस वाचतो असं दिसतंय. मला ते पुराव्यानिशी बघायचंय."

अभ्यास असा हाय. आलेल्या माणसाला आधी समजावून विचारतो, कबूल असल तरच घेतो. मग बंद पाकिटं हायत, त्यातलं एक फोडतो. कोणाच्या पाकिटात नुसती गोळी निघती, कोणाच्या पाकिटात गोळी आणि विंचवाच्या विषावरचं इंजेक्शन दोन्ही. डॉक्टरच्या मनावर न्हाई, पाकिटाच्या मनावर. मग हातपाय कधी गरम झाले ते लिहून ठेवतो. शंभर माणसं झाली की कागद मोठ्या शहरात जाणार. आणि येणाऱ्या हरेक माणसाला पहिला सवाल एकच, किती वाजता चावला?

मी कबूल केलं. म्हटलं, माझा मंत्राचा उतारा झाला की दवाखान्यात लावून देत जाईन. त्यानं माझे पाय धरले. मला कसंसंच झालं.

मंत्राचं तू लिहिलंस. ग्रहण लांब हाय. बघू.

मसाजी


अलंग, भावनगरजवळ
२ फेब्रुवारी १९९९

दादा,

सुरत सोडली. इथं समुद्राच्या काठाला जुनी जहाजं आणून तोडतात. गावाएवढं जहाज आणि मुंगीएवढी आम्ही माणसं. पत्ता मागं लिहिलाय, तोच धरा.

तुमच्या डॉक्टरची गोष्ट मी इथं सगळ्यांना सांगितली. एकजण म्हणाला, पाकिटावर माणसाचा जीव? हा जुगार झाला. मी म्हटलं, जुगार नाही रे, आमची आई हेच करायची. दादा, आठवतं का, एका पावसाळ्यात कोकरांना हगवण लागली होती. तुम्ही म्हणत होता बाभळीची साल उकळून सगळ्यांना पाजू. आई म्हणाली, "सगळ्यांना पाजली आन् सगळी जगली तर कसं कळल सालीनं जगली का आपल्याच जिवानं?" मग तिनं डोळे मिटून निम्मी कोकरं धरली, त्यांच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावला आणि त्यांनाच पाजलं. डोळे काहून मिटते विचारलं तर म्हणाली, उघडे ठेवले तर मी धट्टीकट्टीच निवडीन. तुम्ही तिला दिवसभर "डाक्टरीणबाई" म्हणून चिडवत होता. आठव्या दिवशी ठिपकेवाली जास्त उरली, तेव्हा तीच तुम्हाला चिडवत होती.

तुमच्या डॉक्टरला हे सांगा. म्हणावं, पाकिटं तुम्ही आत्ता आणली.

मंत्राचं "बघू" म्हणू नका. मी ऑगस्टात येतो म्हणजे येतो.

प्रभू


मु. साखरा शिवार
९ मे १९९९

प्रभूस आशीर्वाद.

आता पत्त्यावर जिल्हा हिंगोली घाल. एक तारखेपासून आपला जिल्हा येगळा झाला. धुरपताबाई म्हणती, जिल्हा बदलला तरी ऊन तेच हाय.

यंदा विंचू लई. दगड उचलावा तिथं हाय. तांड्यावरची रूपाबाई गोवऱ्या काढायला गेली, ढिगातच बसला होता. तिचा नवरा मोहनसिंग तिला पाठुंगळी मारून पळत आला. मी उतारा केला आणि मग लावून दिली. दोन दिवस मरणाच्या दारात होती, कशीबशी वाचली. मोहनसिंग मला म्हणला, "मसाजीदादा, दोन दिवस बायको बोलली न्हाई, तवा मला कळलं आमच्या घरात कोण बोलतं."

आणि ग्यानबा गेला. तोच आपला ग्यानबा, ज्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसायची आणि तुला तो हिरवे हरभरे भाजून द्यायचा. सकाळी पायाला चावला. माझ्याकडून गेला, दवाखान्यात गेला, तिथं गोळी घेऊन तासाभरात संपला.

परवा डॉक्टर आला. चहा ठेवला तर प्याला न्हाई. दगडावर बसून राहिला. मला म्हणला, "बाबा, माझं काहीतरी चुकतंय. गोळी बहुतेकांना लागू पडते, पण काही जणांना अजिबात नाही. आणि हे उशिरा आलेले पण नाहीत. रूपाबाईला चावून अर्धा तास झाला होता. ग्यानबांना अर्धा तास. इतक्या लवकर गोळी देऊन माणूस जात असेल तर मी कोणत्या तोंडानं लिहू की ही गोळी वाचवते? उद्या दुसरे डॉक्टर माझा कागद वाचून गोळी देणंच बंद करतील." त्याच्या डोळ्याला पाणी होतं. माझ्या लेकासारखा हाय तो.

त्याला जे सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं न्हाई. पण तुला लिहितो, दुसऱ्या कोणाला लिहू.

ग्यानबा माझ्यापाशी चार घंटे होता. रूपाबाई साडेतीन. उतारा लवकर उतरला न्हाई म्हणून बसवून ठेवलं. आणि तुला आपला नेम ठाऊक हाय. उताऱ्यानंतर पाच दिस उतरवणाऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, न्हाईतर इख परत चढतं. म्हणून लोक दवाखान्यात गेले की माझ्याकडचा वख्त गिळून टाकतात. डॉक्टर इचारतो किती वाजता चावला, ते सांगतात आत्ताच, अर्धा घंटा. माझ्या वाड्यातून निघाले तवापासून मोजतात. लबाड न्हाईत, नेम पाळतात. आणि नेम मीच घालून दिलेला.

हे डॉक्टरला सांगावं तर तीस वर्षांचं नाव गेलं. तू चार बुकं जास्त शिकलास. काय करावं सांग.

मसाजी


अलंग
२८ मे १९९९

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ग्यानबाकाकांचं वाचून हरभऱ्याच्या होळ्याचा धूर नाकात गेला. ते मला भाजलेले घाटे द्यायचे आणि म्हणायचे, "खा रे, बापाला सांगू नको, तो मेंढरांना चारल."

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, राग मानू नका. जाऊन सांगा. आज सांगा. ती गोळी खरी असल आणि तुमच्या चार तासांपायी खोटी ठरली, तर ग्यानबाकाका एकटे जाणार नाहीत. ज्या गावात तुमचं नावही कोणाला ठाऊक नाही तिथली माणसं जातील. आणि लोकांचा नेम तुम्हीच सोडवू शकता, दुसरं कोणी सांगून ते तोंड उघडणार नाहीत.

तीस वर्षांचं नाव म्हणता. इथं आमच्या मुकादमानं गॅसच्या टाकीचं चुकीचं सांगितलं, दोन पोरं भाजली. तो अजून म्हणतो माझं चुकलं नाही. त्याच्याकडे कोणी बघत सुद्धा नाही. तुम्ही तसे नाहीत.

आईच्या वेळेला वेळच नव्हता, तिथं तुमचं काय चालणार होतं. पण ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांचा वेळ काहून खाता दादा?

जास्त बोललो. ग्रहणाला येतो.

प्रभू


मु. साखरा शिवार, जि. हिंगोली
१५ ऑगस्ट १९९९

प्रभू,

तुला येऊ नको म्हणून तार केली होती, मिळाली असल. काहून केली ते आता लिहितो. अडीच महिने लिहिलं न्हाई, कारण हे लिहावं लागणार हे ठाऊक होतं.

तुझं पत्र वाचून तिसऱ्या दिशी डॉक्टरकडं गेलो. सगळं सांगितलं. तो शिव्या देईल वाटलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणला, "बाबा, चला." तवापासून आमी दोघं त्याच्या मोटरसायकलवर गावोगाव हिंडलो. दवाखान्यात आलेल्या एकेका माणसाच्या दारात मी पुढं व्हायचो. म्हणायचो, मसाजीनं नेम सोडला, आता माझं नाव घ्या आणि खरा वख्त सांगा. बाया तोंडावर पदर घ्यायच्या. एका म्हातारीनं तर डॉक्टरला काठी उगारली, म्हणली ह्यानंच आमच्या मसाजीला नादी लावलं.

कोणापाशी घड्याळ न्हाई. कोणी सांगायचं मेंढरं सुटली तवा, कोणी सांगायचं दिस कासराभर वर आला तवा. डॉक्टर म्हणला, कासराभर म्हणजे किती वाजता? मग एक दिस पहाटं उठून त्याला माळावर नेलं, बैलाचा कासरा ताणून धरला. दिस तितका वर आला तसं त्यानं घड्याळ बघितलं. साडेसात. ते पण वहीत लिहिलं.

खोटा वख्त पुसला न्हाई, आडवी रेघ मारून बाजूला खरा लिहिला, सही केली आणि माझा अंगठा घेतला. मला सही येती, तरी म्हटलं अंगठाच घे. सगळं झाल्यावर त्यानं यादी नव्यानं मांडली. ज्यांना लवकर गोळी मिळाली ते सगळे उठून घरी गेलेत. ज्यांना लागू पडली न्हाई ते बहुतेक माझ्यापाशी बसलेले. तो म्हणला, अजून माणसं पाहिजेत, आत्ताच काही म्हणता येत नाही. पण हसत होता.

ग्रहणाच्या दिशी सांजेला सगळे मंत्रवाले नदीवर गेले. मंत्र ग्रहणात जपला न्हाई तर मरतो, हे तुला ठाऊक हाय. मी गेलो न्हाई. दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. ढगातच अंधार पडला, कोंबड्या झाडावर चढल्या, परत उजेड झाला. झालं. आता माझ्यापाशी द्यायला काही न्हाई. कोणाला चावला तर मी फक्त मोहनसिंगला हाळी देतो, तो नव्यानं घेतलेल्या फटफटीवर घालून नेतो.

आता जे लिहायचं ते.

त्या दिशी ओट्यावर डॉक्टरनं सहज इचारलं, "बाबा, दवाखाना नव्हता तेव्हा तुमच्या हातून कोणी गेलं होतं का? जुनं पण लिहून ठेवलं तर उपयोग होतो." मी म्हटलं, लिही. पंचफुलाबाई, वय चाळीस. वाड्याच्या कुडाखालचा दगड सरकवताना हाताला चावला. दिस कासराभर वर. गेली दुपारी, सावल्या पायाखाली होत्या तवा. डॉक्टरनं लिहिलं, साडेसात ते साडेबारा. पाच तास.

प्रभू, तुझी आई जाग्यावर गेली न्हाई. मी तुला खोटं सांगितलं. पाच घंटे ती माझ्यापुढं बसली होती. एकदा म्हणली, "अवो, गाडी जुंपा, मला सेनगावला न्या." मी म्हटलं, उतरून राहिलाय, थांब. बारा गावं माझ्याकडं येतात आणि माझीच बायको डॉक्टरकडं नेली तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात होतं. परत तिनं गाडीचं नाव काढलं न्हाई.

तू लिहिलंस, ज्यांच्यापाशी वेळ हाय त्यांचा वेळ काहून खाता. तिच्यापाशी पण होता.

मसाजी


मु. साखरा शिवार, जि. हिंगोली
२१ नोव्हेंबर १९९९

प्रभू,

तीन महिने झाले. पत्र न्हाई. अलंगला दोन टाकली, दोन्ही परत आली, वर लिहिलंय माणूस सोडून गेला. म्हणून हे सुरतच्या जुन्या पत्त्यावर टाकतो. तिथले ते ओरिसाचे असतील तर देतील.

मला माफ कर असं लिहीत न्हाई. जिता हाईस एवढं कळव. धुरपताबाई रोज इचारती. एक कार्ड टाक, कोरं टाकलं तरी चालल.

मसाजी


वापी
१० जानेवारी २०००

दादा,

जिता आहे. वापीला कागदाच्या कारखान्यात आहे. तुमचं सुरतचं पत्र ओरिसावाल्या बाबुलानं स्वतः आणून दिलं. ऑगस्टचं मला ऑगस्टातच मिळालं होतं. वाचलं आणि त्याच दिवशी अलंगचं यार्ड सोडलं.

मधल्या काळात चार पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात लिहिलं होतं की माझा बाप मेला. तिसऱ्यात मी माझ्यावरच उलटलो, की ज्या बापाला डोक्यावर घेऊन मी देशभर मिरवलो तो कोण होता. चौथ्यात काय होतं ते आठवत नाही, पिऊन लिहिलं होतं. माफ केलं असं ह्या पाचव्यातही लिहीत नाही. होईल का ते मला ठाऊक नाही, उगाच खोटा वख्त कशाला सांगू.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. पाच वर्षं मी समजून होतो की आई चावल्याबरोबर गेली. एक शब्द बोलली नाही. म्हणून तिचं शेवटचं बोलणं म्हणजे माझ्यासाठी ते, जे मी मेंढरं घेऊन निघताना ती म्हणाली. "घोंगडं नीट बांध, मागं लोंबतंय." एवढंच. पाच वर्षं तेच घोळवत बसलो. कधी वाटायचं ती हसून बोलली होती, कधी वाटायचं चिडून.

आता कळतं की त्यानंतर ती पाच तास होती. तुमच्यापुढं. आणि आई तर पाच मिनिटं गप बसणारी बाई नव्हती. दुखत असलं तरी बोलत असल. मेंढरांचं बोलली असल, आत्याचं बोलली असल, त्या दिवशी भाकरी झाल्या होत्या की पीठ तसंच राहिलं ते बोलली असल. माझं नाव काढलं का? मी कुठपर्यंत पोचलो असल ह्याचा हिशेब केला का? ती तो नेहमी करायची, आता नदी उतरून गेला असल, आता त्या वडाखाली बसला असल. पाणी कोणी पाजलं? शेवटी कोणाकडं बघत होती?

तुम्ही गाडी जुंपली नाही हे एक. पण ते लपवताना तुम्ही माझ्या आईचे पाच तास माझ्यापासून लपवले, हे दुसरं. पहिलं तुम्ही डॉक्टरला सांगून टाकलं. दुसरं माझं आहे, ते मला द्या.

पत्रात लिहू नका. तुम्ही दहा ओळींत आटपाल, मला ठाऊक आहे. मी येतो. संक्रांत झाली की निघतो, हिंगोलीहून सकाळची पहिली एसटी धरीन. आत्याला सांगा, लग्नाचं काढू नको.

वाड्यावर, ती बसली होती तिथंच बसू. सकाळी साडेसातला तुम्ही सांगायला सुरू करा आणि साडेबारापर्यंत थांबू नका. आठवत नसल तिथं गप बसा, पण उठू नका. मी मध्ये बोलणार नाही.

प्रभू